दारातले दादूस

दुपारी जेवण झालं की खुर्चीत बसल्याबसल्या माझा डोळा लागतो. पोलिसांना कुठेही झोप येते, खात्यात शिकलेली तुझी ही एकच विद्या घरी उपयोगी पडते, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे बापडा. तर अशी डुलकी लागली की मला हटकून एकच दिसतं. पनवेलचं आमचं जुनं ठाणं, मागचा लांब व्हरांडा, त्याच्या टोकाला चौकशीची खोली आणि त्या खोलीच्या दारात, बरोबर उंबऱ्यावर, एक लाकडी खुर्ची. पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर. खुर्चीत दादूस. खाडीकडून वारा येतोय, त्यांचे उरलेसुरले केस भुरभुरताहेत, आणि दादूस काहीही करत नाहीयेत. नुसते बसलेत.

दादूस म्हणजे आमचे सहायक फौजदार. उलव्याच्या बाजूच्या आगरी गावातले. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला दादूस म्हणतात, आणि ठाण्यात तर ते सगळ्यांचेच वडीलधारे होते, त्यामुळे त्यांचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. पाठीमागे पोरं त्यांना द्वारपाल म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं. "म्हनू दे. देवळात पयला नमस्कार द्वारपालालाच व्हतो," असं म्हणून मिशीतल्या मिशीत हसायचे.

मी नवीकोरी उपनिरीक्षक होऊन तिथे गेले, तेव्हा मला या खुर्चीचा भयंकर राग यायचा. आत-बाहेर करताना दर वेळी अंग चोरून जावं लागे. मी साताऱ्याकडची, आमच्या जिभेला हाड नसतं. एकदा म्हणाले, "दादूस, एक तर आत बसा नाहीतर बाहेर बसा. हे काय मधेच त्रिशंकूसारखं?" ते शांतपणे म्हणाले, "आत बसलो तं आतल्यांचा व्हतो, मॅडम. बाहेर बसलो तं कायच दिसत नाय. हितंच बरा हाय." खुर्ची डुगडुगली, त्यांनी एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि विषय संपला.

त्या खोलीला दार होतं, कडीही होती, पण दादूसांच्या काळात ते दार लावलेलं कुणी पाहिलं नाही. आतला माणूस चोर असो, दारुडा असो की बायकोला मारून आलेला असो, त्याला व्हरांड्यातली रहदारी दिसली पाहिजे आणि रहदारीला तो दिसला पाहिजे, हा त्यांचा नेम. पुढे कॅमेरे बसवायची बोलणी निघाली तेव्हा सगळे म्हणाले, आता द्वारपाल रिटायर! दादूस म्हणाले, "बसवा की. चांगलाच हाय. पन कॅमेरा मंग बघतो. मानूस आदी बघतो."

त्यांची दुसरी सवय मला आणखी उशिरा कळली. एका दुपारी संतोष नावाचा आमचा शिपाई एका रिक्षावाल्याशी बोलत होता. संतोष कामाला वाघ, पण डोकं तापलं की तापलंच. रिक्षावाला उलट बोलत होता, संतोषचा आवाज चढत होता, आणि मी पाहिलं की त्याने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. आमच्यात घड्याळ काढलं म्हणजे आता हात चालणार. तेवढ्यात दारातून दादूस म्हणाले, अगदी सहज, कुणी वेळ विचारावी तसं: "संतोष, चहा गार व्हतोय."

संतोष जागच्या जागी थांबला. त्याने घड्याळ पुन्हा हातात घातलं, उठला आणि मुकाट्याने बाहेर आला. मी इकडेतिकडे बघितलं. चहाचा पत्ता नाही, कपबशी नाही, साधा वासदेखील नाही. "कुठाय चहा?" मी विचारलं. दादूस खुर्चीवरून उठत म्हणाले, "आता टाकतो ना." आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात गॅसची शेगडी होती, तिच्यावर त्यांनी खरंच आधण ठेवलं.

तो त्या ठाण्याचा कायदा होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण झाडूवाल्या मावशींपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ. चहा गार होतोय असं कुणी कुणाला म्हटलं, की त्याने हातातलं सोडून बाहेर यायचं. का, कशाला, तू कोण सांगणारा, यातलं काही विचारायचं नाही. हुद्दा बघायचा नाही. बाहेर आल्यावर, ज्याने हाक मारली त्यानेच चहा करायचा आणि दोघांनी मिळून प्यायचा. पिताना झाल्या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. हवं तर कर्नाळ्याच्या सुळक्याकडे बघत बसायचं. व्हरांड्यातून तो निळसर अंगठ्यासारखा दिसायचा. चहा संपेपर्यंत माणसाचं डोकं खाली आलेलं असे. "खोटा बोलायचा नाय आपल्याला," दादूस सांगायचे. "चहा बोललो तं चहा झालाच पायजे."

एकदा खुद्द मोठ्या साहेबांना ही हाक बसली. साहेब एका पोरावर हात उगारून उभे, दारात दादूस. "साहेब, चहा गार व्हतोय." मला वाटलं, झालं, दादूस आता थेट गडचिरोली गाठणार. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं, मग टोपी उचलली आणि बाहेर आले. बशीतून एक घोट घेऊन म्हणाले, "साखर कमी आहे." बस्स, एवढंच. दादूसांनी साखर घातली.

हे सगळं त्यांनी कुठून आणलं, ते मी एकदा विचारलं. आम्ही खारघरला एका प्रशिक्षणावरून परत येत होतो. पोलिसांचं वर्तन या विषयावर दिवसभर व्याख्यानं झाली होती आणि मी अर्धी झोपेत ऐकली होती. दादूसांनी मात्र कान देऊन सगळं ऐकलं. गाडीत म्हणाले, "चांगला बोलला तो मास्तर. सहकाऱ्यानं चूक केली तं वर कळवा. बरोबर हाय. पन कळवायची पाळी येते तवा एकाचा हाडूक मोडलेला असतो आनी दुसऱ्याची नोकरी." मग ते खिडकीकडे वळले. संध्याकाळची वेळ, रस्त्याकडेच्या खाजणात, खाडीच्या दलदलीत, बगळे उतरत होते. आपल्याशीच बोलावं तसे बोलायला लागले.

ते नवीन शिपाई असतानाची गोष्ट. दुसऱ्या कुठल्याशा ठाण्यात त्यांचा एक जिवलग मित्र होता, एका ताटात जेवणारा. एक दिवस तो एका संशयिताला घेऊन खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. "आमी सगले बाहेर व्हतो, बाय." एकट्यात ते मला बाय म्हणायचे. "सगल्यांना आयकू येत व्हता. सगले एकमेकांच्या तोंडाकडं बघत व्हते. मित्र माजा, दार दोन पावलांवर. मी मनात बोललो, आता थांबेल, आता थांबेल." तो थांबला नाही. आत गेलेला माणूस जन्माचा लंगडा झाला. मित्राची नोकरी गेली, मग तो दारूला लागला, मग गेलाच. "त्याचा पाय गेला, याचा जीव गेला. आनी आमचा बाहेरच्यांचा काय गेला? कायच नाय. आमाला बढत्या झाल्या."

थोड्या वेळाने मी विचारलं, "आणि दादूस, हाक मारायला उशीर झाला तर? चूक होऊन गेली तर?" ते म्हणाले, "मंग आपल्या तोंडानं सांगायचा. दुसऱ्यानं सांगायची वाट नाय बघायची." हे वाक्य त्यांना स्वतःलाच एक दिवस महागात पडणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघांपैकी कुणाच्याही स्वप्नात नव्हतं.

ठाण्याच्या गल्लीच्या तोंडाशी हिराबाय मासळी घेऊन बसायची. दादूसांच्या गावचीच. रोज सकाळी दोघांचं भांडण ठरलेलं. "तुजी मांदेली शिळी हाय," हे म्हणायचे. "तुजा नाक शिळा हाय," ती म्हणायची. आणि तरी निवडून ठेवलेला वाटा त्यांच्याच पिशवीत पडायचा. तिच्या गळ्यात सोन्याची बारीक माळ होती, नवऱ्याच्या माघारी तीच तिची सोबत. एका सकाळी मोटारसायकलवरून एकाने ती हिसकावली. हिराबायने माळ सोडली नाही. फरफटत गेली, खुब्याचं हाड मोडलं, आणि माळ गेली ती गेलीच. दवाखान्यात दादूस तिला बघून आले. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. आयुष्यभर कोरी राहिलेली सेवा, निरोपाच्या दिवशी साहेबांच्या हस्ते गौरवपत्र द्यायचं ठरलेलं. पोरं हारासाठी फुलवाल्याला सांगूनही आली होती.

पुढच्या आठवड्यात तो चोर खांदा कॉलनीत सापडला. माळ खिशातच. चुकीचा माणूस वगैरे काही नाही. तोच तो, त्याने कबूलही केलं. दुपारची वेळ. खोलीत तो, टेबलापाशी संतोष, दारात दादूस, व्हरांड्यात मी आणि बाकीचे. संतोष प्रश्न विचारत होता. चोर खुशाल पाय पसरून बसला होता. मधेच हसला आणि म्हणाला, "बुढ्ढीने सोडायची ना चेन. धरून कशाला बसली? पडली तर मी काय करू?"

दादूस उठले. संतोषला म्हणाले, "तू बाहेर जा." मग त्यांनी उंबऱ्यावरची खुर्ची उचलली, आत घेतली आणि दार लोटलं.

ते दार बंद झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. बाहेरच्या बाजूने ते कसं दिसतं तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. हिरव्या रंगाचं, मधोमध भेगाळलेलं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. आणि मग आतून एक आवाज आला. थप्पड. खाडकन.

खरं सांगते, माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही: बरं झालं! माझेही हात शिवशिवत होतेच. हिराबाय माझीही कुणी लागत नव्हती का? मी आजूबाजूला पाहिलं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. आणि त्या बघण्यावरून मला एकदम खारघरचा तो रस्ता आठवला, खाजणातले बगळे आठवले. आमी सगले बाहेर व्हतो, बाय. सगल्यांना आयकू येत व्हता. आतला माणूस लंगडा होईल हे होतंच, पण दादूस! त्यांनी सगळा जन्म ज्याच्यासाठी दारात काढला, ते दोन मिनिटांत मातीत जाणार होतं. मी दारापाशी गेले. माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा, ज्याने मला हे काम शिकवलं, त्याला मी काय हाक मारणार?

"दादूस," मी म्हणाले, "चहा गार होतोय."

काही नाही. पंखा फिरत होता.

मी दारावर हाताचा तळवा मारला आणि ओरडले, "दादूस! चहा गार होतोय!"

दार उघडलं. दादूस बाहेर आले. ते आपल्या उजव्या हाताकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. आत चोर गाल धरून बसला होता, दुसरं काही झालं नव्हतं. मी शेगडी पेटवली. कायदा म्हणजे कायदा, हाक मी मारली होती. चहा उतू घालवला, साखर विसरले. आम्ही दोघं व्हरांड्याच्या पायरीवर बसून तो कडू चहा प्यायलो. कर्नाळ्यावर ढगाची सावली सरकत होती. एक अक्षर बोललो नाही. कप खाली ठेवल्यावर दादूस म्हणाले, "मॅडम, डाक्टरला मी सांगनार."

कोर्टात न्यायच्या आधी आरोपीची वैद्यकीय तपासणी होते. डॉक्टर ठरलेला प्रश्न विचारतात, कुणी मारहाण केली का? चोराने आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही." त्याला बिचाऱ्याला सवय होती, कुठे काय बोलायचं त्याची. डॉक्टर पुढे लिहिणार तोच दारातून आवाज आला. "मारला हाय. मी. डाव्या गालावर." डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. दादूस ताठ उभे होते, साहेबांपुढे उभे राहावं तसे. चोर तर तोंडाचा आ वासून बघतच राहिला.

ठाण्यात गहजब झाला. एका थपडेचं काय घेऊन बसलात, असं सगळ्यांचं म्हणणं. काहीजण माझ्याशी बोलेनासे झाले; मॅडमने तमाशा केला नसता तर म्हाताऱ्याला ही अवदसा आठवली नसती, असं माझ्या कानावर आलं. चौकशी झाली. सक्त ताकीद मिळाली, गौरवपत्र हुकलं. निरोपाला साहेबांनी नारळ आणि शाल दिली, फुलवाल्याचा हार मात्र पोरांनी आणलाच. मला रडू आवरेना. मी त्यांना गाठून म्हणाले, "दादूस, माझ्यामुळे तुमच्या शेवटावर डाग पडला." ते जवळजवळ रागावलेच. "येडी हायस का? तुज्यामुले एकावर थांबला. नायतर किती झाल्या असत्या, मला सोताला ठाव नाय." मग हळूच म्हणाले, "आमच्या वक्ताला कोनी हाक मारली असती तं."

त्यांचं खरं दुःख वेगळंच होतं. हिराबाय काठी टेकत परत बसायला लागली तेव्हा तिने सगळ्या बाजारासमोर त्यांना विचारलं होतं, "एकच मारलास? मेल्या, इतका खातोस मासली, आनी एकच?"

पुढे माझी बदली झाली, मग आणखी एक. उलव्याच्या बाजूचं त्यांचं गाव विमानतळात गेलं. त्यांना नव्या जागेत घर मिळालं, भोवती इमारती उठल्या, क्रेन उभ्या राहिल्या. परवा मी त्यांच्याकडे जाऊन आले. त्यांचा मुलगा प्रवीण फोनवर म्हणाला होता, "मॅडम, या, पण त्यांना ओळख लागेल असं नाही. बरंचसं पुसलं गेलंय त्यांचं."

गेले तर दादूस दारातच. घराच्या उंबऱ्यावर प्लास्टिकची खुर्ची, पुढचे पाय आत, मागचे बाहेर. किती वाळले होते! मला बघून हसले, पण ते हसू रस्त्यावरच्या कुणालाही दिलं असतं असं. डोक्यावरून एक विमान अगदी कमी उंचीवरून गेलं, तांब्याभांडी किणकिणली. जिथे त्यांची भातखाचरं होती तिथून ते उडालं होतं. दादूसांनी वर बघितलंही नाही. मी शेजारी बसून ठाण्याच्या, संतोषच्या, साहेबांच्या गोष्टी सांगत राहिले. झोपेत ऐकावं तसे ते ऐकत होते, किंवा नव्हतेही.

मग प्रवीण त्यांची गोळी घेऊन आला. त्यांना ती नको होती. त्याने समजावलं, मग जरा हात धरला, आणि एकदम दादूसांचा चेहरा बदलला. ते उठले. प्रवीणचं मनगट त्यांनी असं पकडलं की तो कळवळला. तो कोण आहे हे त्यांना कळत नव्हतं. डोळ्यांत नुसती आग होती. उजवा हात वर गेला. प्रवीण मागे भिंतीला टेकला, सून स्वयंपाकघरातून धावत आली आणि मधेच थबकली.

"दादूस," मी म्हणाले, "चहा गार होतोय."

हात हवेतच थांबला. मग सावकाश खाली आला. प्रवीणचं मनगट सुटलं. दादूस वळले, माझ्याजवळून पुढे गेले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. शेगडीकडे बघितलं. शेगडी थंड होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला एकदम शरम वाटली. मी पदर खोचला, आधण ठेवलं. आलं किसलं, साखर आठवणीने घातली. तोवर ते दारात उभेच होते, चौकटीला धरून.

आम्ही सगळे खाली जमिनीवर बसलो. मी पहिला कप त्यांना दिला, दुसरा प्रवीणला. कुणी काही बोललं नाही. प्रवीणला तो कायदा माहीत नव्हता, पण तोही गप्प होता, मनगट चोळत. बाहेर आणखी एक विमान गेलं. दादूस आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, उलटा-सुलटा करून. चहा संपायच्या आधी बोलायचं नसतं, हा नियम त्यांचाच. तो त्यांनी त्या दिवशी मोडला.

"बाय," ते म्हणाले. कित्येक वर्षांनी मला कुणी बाय म्हटलं. "मी मारला कं कोनाला?"

"नाही दादूस," मी म्हणाले. "या वेळेला एकही नाही."

त्यांनी मान डोलावली, बशीत चहा ओतला आणि फुंकर घालून प्यायला सुरुवात केली.